वाटसरूचे देणे

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "कुठे कुठे थांबलात?" हा. किती मैल गेलात, किती वेळ लागला, याची चौकशी मागाहून होते. कित्येकदा होतही नाही. सांगणाराही थांब्यांचीच माळ ओवतो: अमक्या घाटात चहा घेतला, तमक्या देवळात टेकलो, अमुक नदीवर पाय भिजवले. आपण कोठे थांबलो नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही आणि आपण होऊन कोणी सांगतही नाही. गेल्या माघात एका दिवसात आम्ही जो लांबचा फेरफटका केला, त्यातील थांबे सांगण्याजोगे आहेत आणि ते आम्ही सांगणारही आहोत. पण हा लेख लिहावयास आम्हांला प्रवृत्त केले ते एका न घेतलेल्या थांब्याने.

आम्ही तिघे होतो. एक डॉक्टर, एक सेवानिवृत्त शाळामास्तर आणि आम्ही. गाडीचे चाक आमच्या हाती होते. पहाटे पाचला बेळगाव सोडावयाचे, चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरावयाचे, साखळी, डिचोली करून दुपारी जेवावयास पेडणे गाठावयाचे आणि सायंकाळी समुद्र पाहून तेरेखोल, रेडी, सावंतवाडी, आंबोली या वाटेने रात्री घरी, असा बेत होता. घाट उतरताच लागते ते सत्तरीतले केरी आणि तेरेखोलच्या नदीमुखावर आहे ते पेडण्यातले केरी. म्हणून मास्तरांनी या प्रवासाला 'केरी ते केरी' असे नाव देऊन टाकले. गोवा एवढासा, पण गावांची नावे त्याला पुरली नाहीत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

पहिला थांबा कणकुंबीस झाला. माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेला मिळून पूर्व समुद्राला जाते; तेथून काही कोसांवर पडलेले पाणी म्हादईच्या वाटेने पश्चिम समुद्राला येते. एकाच आभाळाचे पाणी कोणत्या उतारावर पडले एवढ्यावरून त्याचे राज्य ठरते आणि मग लवाद बसतात. २०१८ साली म्हादईच्या लवादाने निवाडा दिला, पण तंटा काही मिटला नाही. आमच्या धंद्याला हे सोयीचेच आहे, असे डॉक्टर म्हणाले. धुके होते, चहा गरम होता, आम्ही ते बोलणे मनावर घेतले नाही.

साखळीस वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरच्या देवळात घटकाभर बसलो. कार्तिकात त्रिपुरारीला या पात्रात नौकांचा उत्सव होतो. माघात पात्र शांत असते आणि पायरीवर बसणाऱ्याला कोणी उठवीत नाही. बाजारात येऊन पातळभाजी आणि पाव खाल्ला. डिचोलीस मास्तरांच्या आग्रहास्तव नमाजगाह पाहिली. औरंगजेबाचा पुत्र अकबर बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत उतरला आणि १६८१ साली संभाजीराजांच्या आश्रयास आला, हे शाळेतल्या पुस्तकात असते; पण तो काही काळ या डिचोलीत राहिला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. दिल्लीच्या तख्तावर हक्क सांगणारा राजपुत्र पाऊसपाण्याच्या या मुलखात दिवस मोजीत राहिला आणि अखेर १६८७ साली गलबतात बसून इराणला गेला तो परतलाच नाही. आश्रय देणाऱ्यास त्यापासून लाभ किती झाला याचा हिशेब इतिहासकार मांडतात. आम्हांला त्या भिंतीपाशी वेगळेच वाटले. एवढ्या शत्रूच्या मुलाला दार उघडावयाचे की नाही, हे ठरवावयास राजांना किती वेळ मिळाला असेल?

डिचोलीतून निघताना खाणींचा विषय निघणे अपरिहार्य होते. २०१२ साली खाणी बंद पडण्यापूर्वी या रस्त्यांनी खनिजाचे ट्रक रांगेने धावत आणि रस्त्याकाठची झाडे, घरे, तुळशीवृंदावने एकाच तांबड्या रंगाची दिसत. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. त्या ट्रकवाल्यांना वाटेत कोणासाठी थांबण्याची मुभा नव्हती, खेपांवर पैसे होते, असे मास्तर म्हणाले. आम्ही त्यांना दोष देण्यासाठी तोंड उघडले होते. तेवढ्यात ती गोष्ट घडली.

मुळगावच्या पुढे, अस्नोड्याच्या अलीकडे, एका वळणावर रस्त्याच्या डाव्या बाजूला एक वृद्धा उभी होती. नऊवारी लुगडे, पायांत काही नाही, बाजूला एक पिशवी. तिने हात वर केला. बस थांबवावयास माणूस हात करतो तसा तो नव्हता आणि ओळखीच्या माणसाला करतो तसाही नव्हता. निदान आम्हांला तसे वाटले. तिच्या मागे काजूच्या झाडाखाली कोणी बसले किंवा निजले होते की ती नुसती सावली होती, हे आम्हांला आजही शपथेवर सांगता येणार नाही. गाडी साठाच्या वेगात होती. पेडण्यास एकाचे जेवण ठरले होते. आमचा पाय खाली दाबला गेला तो गती-रोधकावर नव्हे. आरशात पाहिले तर गाडी पुढे गेल्यावरही तो हात वरच होता.

कोलवाळच्या पुलापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. पुलावर डॉक्टर म्हणाले, "पाहिलंत ना तुम्ही?"

आम्ही म्हटले, "पाहिलं."

"मीही पाहिलं," ते म्हणाले, "आणि मी डॉक्टर आहे."

पेडण्यास आमचे यजमान फाटकात उभे होते. "वाटेत काही त्रास?" त्यांनी विचारले. "काही नाही," आम्ही उत्तरलो. दिवसभरात आम्ही केलेले हे एकमेव असत्य विधान होय. आणि शब्दशः पाहिले तर तेही असत्य नव्हते. त्रास झाला असेल तर तो आम्हांला नव्हे.

जेवण उत्तम होते. मोऱ्याचे आंबट-तिखट, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. त्याचे वर्णन करावयास आम्हांला आवडले असते. पाने उठल्यावर ओट्यावर वारा खात बसलो तेव्हा मास्तरांनीच विषय काढला आणि आमच्या अंगचा वकील जागा झाला. प्रथम त्याने आमचीच बाजू मांडली, हे सांगावयास नको.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम जखमी माणसाच्या औषधोपचाराची तजवीज करण्याचा भार टाकते तो ज्याच्या वाहनाकडून अपघात घडला त्याच्यावर. बाजूने जाणाऱ्यावर तो भार नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने संसदेने मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले: पोलिसांचा ससेमिरा त्याच्यामागे लागू नये, त्याला साक्षीला बळेच ओढू नये, इस्पितळाने त्याच्याकडे पैसे मागू नयेत. म्हणजे थांबणाऱ्याला कायद्याने अभय दिले; न थांबणाऱ्याला जाब मात्र विचारला नाही.

हे कायदेकर्त्यांच्या नजरचुकीने घडलेले नाही. भारताच्या दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉले आणि त्याचे सहकारी यांनी १८३७ साली सादर केला, त्याच्या टिपणांत हा प्रश्न उघडपणे हाताळला आहे आणि दृष्टांत घेतला आहे तो वाटसरूचाच. नदीला पूर आहे, उतार सुरक्षित नाही, हे एकाला ठाऊक आहे. समोरून वाटसरू येतो. जाणता माणूस त्याला सांगत नाही. वाटसरू पाण्यात शिरतो आणि बुडतो. सांगणारा जर लोकांना सावध करण्यासाठीच तेथे नेमलेला शिपाई असेल, तर तो खुनी. मोबदला घेऊन वाट दाखविणारा वाटाड्या असेल, तरीही खुनी. पण केवळ माणुसकीपलीकडे त्याच्यावर वाटसरूचा कोणताच हक्क नसेल, तर तो खुनी नव्हे. त्याच टिपणात कलकत्त्याच्या एका शस्त्रवैद्याचेही उदाहरण आहे: शस्त्रक्रिया करू शकणारा साऱ्या देशात तो एकटाच असला, तरी ती करण्यासाठी मेरठपर्यंत गेला नाही म्हणून त्याला खुनी कसे म्हणावे? मेकॉलेचे म्हणणे असे की, कोठे तरी रेघ ओढलीच पाहिजे आणि ती कायद्याने माणुसकीच्या अलीकडे ओढलेली बरी. ती रेघ १८६० च्या संहितेत टिकली आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही मोडलेली नाही.

"म्हणजे सुटलात," मास्तर म्हणाले.

सुटलो खरे. फ्रान्स, जर्मनी आणि ज्यांनी या डिचोली-पेडण्यावर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास राज्य केले त्या पोर्तुगीजांच्या आजच्या दंडसंहितेतही संकटात सापडलेल्याला मदत न करणे हा अपराध आहे. तेथे आम्ही उभे राहिलो असतो, तर आमच्या वकिलाने काय सांगितले असते? हेच, की संकट होते याचे ज्ञान आरोपीला नव्हते. एक बाई हात करीत होती; तिला गाडी हवी असेल, पाणी हवे असेल, तिने आम्हांला दुसरे कोणी समजले असेल. अज्ञान हा बचाव तेथेही चालला असता. पण ओट्यावर बसल्या बसल्या आमच्या ध्यानात आले की, ज्या अज्ञानावर हा सारा बचाव उभा आहे ते आम्हांला आयते सापडलेले नव्हते; ते आम्ही निर्माण केले होते. त्यासाठी उजवा पाय किंचित दाबणे पुरले. न्यायालये लबाड व्यापाऱ्यांच्या बाबतीत 'जाणूनबुजून केलेली डोळेझाक' असा शब्द वापरतात. चोरीचा माल घेणारा माल कोठून आला हे विचारीत नाही, कारण विचारले तर कळेल. आम्ही तेच केले होते.

पायी चालणाऱ्याला ही सोय नाही. तासाला तीन मैलांच्या गतीने जाणारा माणूस दुसऱ्या माणसाजवळून काही न बोलता जाऊ शकत नाही. गेलाच तर तो अपमान ठरतो. आपल्या कोकणात वाटेवर भेटलेला परका माणूसही "खंय वतात?" म्हणून विचारतो. त्याला उत्तराशी कर्तव्य नसते. वाटेने जाणाऱ्याकडून घ्यावयाचा तो एक कर असतो आणि "हांगाच" एवढे म्हटले तरी तो फिटतो. हल्ली नाक्यावर काचेवरची चिठ्ठी दुरून वाचून यंत्र आपला कर कापून घेते. गाडी थांबतही नाही. केरळात आणि तमिळ मुलखात जुन्या वाटांच्या कडेला डोक्यावरचा भार एकट्याने उतरविता यावा म्हणून खांद्याएवढ्या उंचीवर आडवा दगड बसवून ठेवलेला असे. असे दगड अजूनही काही ठिकाणी दिसतात. तो दगड बसविणाऱ्याने वाटसरूला कधी पाहिले नव्हते. मंदिरांच्या अग्रशाळा, पाणपोया, धर्मशाळा साऱ्या याच जातीच्या. गावाने वाटसरूचे देणे मान्य केले होते. वाटसरू गावाचे काय देणे लागतो हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण तो पायी होता. त्याला टाळता येत नव्हते.

मास्तर सेमिनारीच्या शाळेत शिकलेले. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातील त्या शोमरोनीची आठवण दिली: जेरुसलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी झोडपून टाकलेला माणूस, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला परका. "आणि ही गोष्ट येशूने कोणाला सांगितली ते ठाऊक आहे ना? एका शास्त्र्याला. कायद्याच्या माणसाला. 'माझा शेजारी कोण', असे व्याख्या मागणारे तुमच्यासारखेच होते ते." यावर आम्हांला उत्तर नव्हते. डॉक्टरांनी मात्र त्या कथेची एक अर्वाचीन पुरवणी सांगितली. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर दोन मानसशास्त्रज्ञांनी, डार्ली आणि बॅट्सन यांनी, एक प्रयोग केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन प्रवचन करावयास सांगितले. काहींचा विषय हीच शोमरोन्याची कथा होता. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला, अर्थात मुद्दाम बसविलेला. ज्यांना वेळ होता त्यांपैकी शेकडा त्रेसष्ट थांबले. ज्यांना अतिशय घाई आहे असे सांगितले होते त्यांपैकी शेकडा दहा. प्रवचनाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

"तेव्हा तुम्ही वाईट नाही," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला जेवायला उशीर होत होता."

हे समाधान आम्हांला घेता आले नाही. घाई ही आमच्यावर कोणी लादली नव्हती. एकाचे जेवण दीडला झाले असते, तर यजमानांनी फार तर मासे पुन्हा गरम केले असते. पण मास्तरांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. प्रत्येक उचललेल्या हातासाठी थांबावयाचे ठरविले तर प्रवास संभवतच नाही. तीनशे किलोमीटरच्या वाटेवर शंभर हात उचललेले असतात. आडवाटेला गाडी थांबवून लुटल्याच्या हकिकती तर रोजच्या आहेत. हे आम्ही मान्य करतो. थांबण्याचे देणे सर्वांचे आणि सर्वत्र आहे, असे म्हणणारा माणूस एक तर घराबाहेर पडलेला नसतो किंवा खरे बोलत नसतो. पण थांबणे आणि वेग वाढवणे यांच्यामध्ये बरीच जागा आहे. गाडी हळू करता येते. काच खाली घेता येते. "काय झालं, आजी?" एवढे विचारावयास दहा पळे लागत नाहीत. उत्तर ऐकून पुढे गेलो असतो, तर निदान काय नाकारले ते आम्हांला कळले असते. मदत करण्याचे ऋण वादाचे असू शकेल. विचारण्याचे ऋण त्याच्या आधीचे आहे आणि आमच्या मते ते वादाचे नाही.

चार वाजता पत्रादेवीला गेलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही या सीमेवरून चालत आले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातला कर्नैल सिंग हा तरुण येथे पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीस जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता तो हक्क मान्य केला, सैन्य आणि शस्त्रे यांच्यासाठी नाकारला, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असे म्हटले. विद्यार्थिदशेत आम्ही हा निकाल घोकला होता. त्यात वाट वापरणाऱ्याचे हक्क आहेत, वाट देणाऱ्याची बंधने आहेत. स्मारकापुढून महामार्गावरची वाहने वेग न कमी करता जात होती, आणि त्यांतील कोणालाही नावे ठेवण्याच्या स्थितीत आम्ही नव्हतो. कर्नैल सिंगाचा येथल्या माणसांशी काय संबंध होता, असे मेकॉलेने विचारले असते.

सूर्य कलताना पेडण्यातल्या केरीला पोचलो. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला, अलीकडे सुरूची झाडे, धक्क्याला लागलेली फेरीबोट. पलीकडे गेलो की रेडी आणि मग सावंतवाडी. गाड्या चढू लागल्या. आम्ही चावी फिरविली नाही.

"परत त्या वाटेने जायचं म्हणता?" मास्तर म्हणाले. "आता काय मिळणार तिथं?"

"हे तिच्यासाठी नाही, वकीलसाहेब," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या झोपेसाठी आहे."

"असेल," आम्ही म्हटले. डॉक्टरांनी आपली पिशवी मागच्या बाजूतून काढून मांडीवर घेतली, एवढेच.

अस्नोडा मागे टाकले तेव्हा आठ वाजून गेले होते. दिवसा ओळखीची वाटणारी वळणे रात्री सारखीच दिसतात. दोन वेळा चुकून उतरलो. तिसऱ्या वळणावर ते काजूचे झाड सापडले. खाली कोणी नव्हते. बॅटरीच्या उजेडात पालापाचोळा, एक चुरगळलेली प्लास्टिकची बाटली आणि वाळलेली बोंडे दिसली. दहा पावलांवर एक लहानसे घर होते, त्याच्या ओट्यावर दिवा होता. आमची चाहूल लागून एक मध्यमवयीन बाई दारात आली. मास्तरांनी तिला कोंकणीतून विचारले, "सकाळीं हांगा एक आजी उबी आशिल्ली, हात दाखयताली. ती खंयची?"

तिने आमच्या तिघांकडे, गाडीकडे आणि डॉक्टरांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिले.

"हांगा सदांच कोण ना कोण उबें आसता," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "तुमकां कोण जाय?"

आम्ही मास्तरांकडे पाहिले आणि मास्तरांनी आमच्याकडे. ती बाई उत्तरासाठी दिवा धरून उभी होती.